पार्सलच्या पिशवीला परतीच्या डब्याचा पर्याय

पश्चिम रेल्वेवर वैतरणा आणि केळवे रोड यांच्या दरम्यान असलेल्या सफाळ्यासारख्या गावात संध्याकाळच्या गाडीने उतरलेला नोकरदार वाटेत भाजी-आमटीचे पार्सल घेतो. घरी पोचताच अन्न ताटात जाते आणि वेष्टन कचऱ्यात. हे टाळण्यासाठी धुऊन पुन्हा वापरायच्या डब्याची कल्पना आता जगभर मांडली जात आहे. महाराष्ट्राला मात्र ती नवी नाही.

मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची सेवा याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या अचूकतेचे कौतुक पुष्कळ झाले. पण रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत पोचतो, ही खरी महत्त्वाची बाब दुर्लक्षित राहिली. औद्योगिक वसाहतींतील खाणावळीही हेच करतात. आजचा भरलेला डबा द्यायचा, कालचा रिकामा न्यायचा. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन डबे लागतात, इतकेच.

पार्सलचे गिऱ्हाईक मात्र रोजचे नसते. डबा परत येईल याची हमी नाही, म्हणून दुकानदार पिशवीच पसंत करतो. यावर अनामत रक्कम हा उपाय आहे. स्टीलचा डबा घडवताना बरीच ऊर्जा खर्च होते. तो अनेक वेळा फिरला तरच पर्यावरणाचा फायदा, एरवी ते महागडे वेष्टनच ठरते.

राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने उपाहारगृहांतील प्लास्टिकच्या पार्सल-डब्यांवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार रुपये दंड ठेवण्यात आला. मात्र बंदीने एक वस्तू हटवली की दुसरी फेकाऊ वस्तू तिची जागा घेते. जर्मनीने वेगळा मार्ग धरला. तेथे १ जानेवारी २०२३ पासून प्लास्टिकच्या वेष्टनात तयार अन्न देणाऱ्या उपाहारगृहांना पुनर्वापराच्या डब्याचा पर्याय, अधिक किंमत न लावता, ठेवावा लागतो. ८० चौरस मीटरपर्यंतच्या व पाचपर्यंत कर्मचारी असलेल्या दुकानांना सूट आहे. मात्र गिऱ्हाइकाने आणलेला डबा भरून देण्याची तयारी त्यांनी ठेवलीच पाहिजे.

सफाळ्यासारख्या ठिकाणच्या लहान उपाहारगृहांना ही सवलतच अधिक सोयीची वाटावी. डबा घरचा असल्याने अनामतीचा हिशेब नाही, धुण्याचे काम नाही. वजनावर विकल्या जाणाऱ्या पदार्थासाठी रिकाम्या डब्याचे वजन आधी करून घ्यावे लागते, आणि रश्शासाठी झाकण घट्ट बसणारे हवे.