झपाटलेल्या मुलीची फिर्याद

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना माझ्यापुढे कॉलेजातल्या दोन मुली होत्या. एक दुसरीला नुकत्याच वाचलेल्या कादंबरीची गोष्ट सांगत होती. दगा देऊन मारलेल्या एका मुलीचा आत्मा सोळा वर्षांच्या दुसऱ्या मुलीच्या अंगात शिरतो. तिच्यावर जीव लावणाऱ्या मुलाला आपण नेमके कोणावर प्रेम करतो हेच कळेनासे होते. आणि मग सूड. दम खाण्याच्या निमित्ताने मीही थांबून ऐकत राहिलो.

2005 साली ‘ट्वायलाइट’ आली आणि अशा पुस्तकांचे पीक जगभर आले. वडीलधारी मंडळी त्यांना नाक मुरडतात. पण आमच्या पिढीने वाचनालयातून नारायण धारपांच्या भयकथा रात्र रात्र जागून वाचल्याच होत्या, आणि त्यांची ‘लुचाई’ही स्टीफन किंगवरूनच आली होती. 1993च्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूला तर आपण हसत हसत घरात घेतले. तेव्हा परकेपणाची तक्रार करण्यात अर्थ नाही. मला या गोष्टीचे मूळ वेगळ्याच ठिकाणी दिसते.

यिद्दिश नाटककार अन्स्की याने 1912 ते 1914 या काळात ज्यू वस्त्यांतून हिंडून लोककथा गोळा केल्या. त्यांच्या आधारावर लिहिलेले त्याचे ‘डिबुक’ हे नाटक 1920 साली, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, वॉर्सा शहरात रंगमंचावर आले. दोन मित्र आपल्या होणाऱ्या मुलांचे लग्न ठरवतात. पुढे मुलीचा बाप पैशाच्या लोभाने शब्द मोडतो. प्रियकर खोनेन मरतो आणि लग्नाच्या दिवशीच लेआच्या तोंडून बोलू लागतो. धर्मगुरू त्याला नुसता हाकलून देत नाही. तो न्यायासन मांडतो, मुलाच्या मेलेल्या बापाची तक्रार ऐकून घेतो आणि मुलीच्या बापाला निम्मी संपत्ती गरिबांना वाटण्याची शिक्षा सुनावतो. म्हणजे भुताला आधी कोर्ट मिळते, नंतर मंत्र.

हे वाचताना मला आपल्याकडचे दर्गे आठवले. गुजरातेत उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे, मध्य प्रदेशात जावऱ्याला हुसैन टेकरी. बाधा झालेली बाई तिथे घुमू लागली की त्याला ‘हाजरी’ म्हणतात. राजस्थानात मेहंदीपूरच्या बालाजीपुढे तर ‘अर्जी’ आणि ‘पेशी’ असते. दरबार, हुकूम, फैसला हे सगळे शब्द कचेरीतले. मराठीनेही फिर्याद, अर्ज, हजेरी फारसीतूनच घेतले आणि आपल्या तालुक्याच्या कचेरीत अजून तेच चालतात. दर्गा असो की देऊळ, अंगातल्याला विचारतात, ‘तू कोण? कुठून आलास? काय पाहिजे?’ ती बाई एरवी घरात वावरते तेव्हा हे तिला कोणी विचारत नाही. सासरचा जाच, मनाविरुद्ध ठरलेले लग्न, मनात ठेवलेला एखादा मुलगा, हे तिने आपल्या नावावर बोलायची सोय नसते. जिनाच्या नावावर बोलता येते.

याचे कौतुक मात्र जपून करावे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळ एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण त्यात गेले. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरायला 2013 साल उजाडावे लागले, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. फिर्याद ऐकण्याऐवजी फिर्यादीलाच बडवण्याची रीत आपण सर्वांनी मिळून चालवली. यात कोणत्या एका धर्माला वेगळे काढता येणार नाही.

गणेश लेण्यापाशी पोहोचून मागे वळले की समोर जुन्नरच्या पलीकडे शिवनेरी दिसतो. गडावर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगली अमलात जमिनीच्या नव्या मोजणी-आकारणीविरुद्ध महादेव कोळी उठले. बंड मोडल्यावर पकडलेल्यांना जुन्नरला आणून मारले, मुंडक्यांची रास केली आणि तिच्यावर चौथरा बांधला. त्याला काळा चबुतरा म्हणत. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने 1830च्या दशकात ही हकीकत नोंदली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी. महसुलाची तक्रार घेऊन उठलेल्या त्या माणसांची पेशी कोणत्याच दरबारात झाली नाही. चौथरा बांधणारे मुसलमान बादशहाचे चाकर होते, हे या पानावर लिहायला मला संकोच वाटत नाही. मेलेले शेतकरी होते, एवढे मला पुरे आहे.

सभामंडपात त्या दोघी पुन्हा दिसल्या. एवढा मोठा मंडप, पण आत एकही खांब नाही. दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी न राहवून विचारले, “बाळांनो, त्या मुलीचा सूड पुरा होतो का शेवटी?”

“माहीत नाही काका,” एक म्हणाली. “दुसरा भाग अजून मिळाला नाही.”