लग्न आणि सीमा

१९१३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत केप न्यायालयाचे न्यायमूर्ति सर्ल यांनीं एका हिंदी मुसलमान पत्नीचा प्रवेश नाकारला. बहुपत्नीत्वास मुभा देणाऱ्या धर्माचा विवाह तेथें वैध नव्हता. त्या न्यायानें आपल्या कर्जत-खालापुरांत सप्तपदीनें लागलेलें लग्नही फोल ठरलें असतें! कस्तुरबा तुरुंगांत गेल्या, नामदार गोखल्यांनीं येथून द्रव्य धाडलें. १९१४ च्या कायद्यानें प्रत्येकी एका पत्नीस प्रवेश मिळाला.

तोच प्रश्न आज समलिंगी दांपत्यांचा आहे. अमेरिकेंत २०१३ च्या निकालानंतर नागरिकाच्या समलिंगी जोडीदारासही प्रवेशहक्क लाभला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं अशा विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाहीं. म्हणून तिकडचा पति कर्जतच्या घरीं कायद्याच्या दृष्टीनें पाहुणाच. लग्न दोघें करतात. सीमेवर तें खरें कीं खोटें, हें सरकार ठरवितें.