भिक्षूने सोडलेला भाला

#थ्रेड

१/ सामुराई म्हटले की डोळ्यांपुढे तलवार उभी राहते. परंतु सोळाव्या शतकातील जपानच्या रणांगणावर लढाईचा मोठा भार वाहिला तो भाल्याने. या भाल्यास ‘यारी’ आणि तो चालविण्याच्या विद्येस ‘सोजुत्सु’ म्हणतात. तिची एक विख्यात परंपरा जन्मली ती मात्र बौद्ध मठात.

२/ १४६७ साली ओनिन युद्ध पेटले आणि पुढे शतकाहून अधिक काळ जपानमधील सरदार घराणी परस्परांशी लढत राहिली. सैन्यात ‘आशिगारू’ या पायदळाचे महत्त्व वाढले. त्यांच्या हाती लांब भाले आले. ओदा नोबुनागाच्या सैन्यातील काही भाले सहा मीटरांहूनही लांब होते.

३/ पायदळाचे बळ रांगेत होते. सामुराईला मात्र एकट्याचे कौशल्य दाखवावे लागे. शत्रूवर सर्वांआधी भाला चालविणाऱ्यास ‘इचिबान-यारी’, म्हणजे ‘पहिला भाला’, हा बहुमान मिळे. साहजिकच ही विद्या शिकविणारे गुरू आणि त्यांच्या परंपरा उदयास आल्या.

४/ नारा येथील कोफुकुजी या प्राचीन मंदिराच्या परिसरात होझोइन नावाचा उपमठ होता. तेथील भिक्षू काकुझेनबो इन्एई (१५२१–१६०७) हा होझोइन परंपरेचा संस्थापक. सारुसावा तळ्याच्या पाण्यात भाल्याच्या प्रतिबिंबावर चंद्रकोर आडवी आलेली पाहून त्याला नव्या भाल्याची कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे.

५/ तो भाला क्रुसाच्या आकाराचा : सरळ पात्याला दोन्ही बाजूंनी आडवी पाती. साधा भाला मुख्यतः भोसकतो; हा भाला प्रतिस्पर्ध्याचे शस्त्र अडवतो, दाबतो, ओढून बाजूस सारतो. आजही या परंपरेच्या सरावात सुमारे ३.६ मीटरांच्या साध्या भाल्यासमोर सुमारे २.७ मीटरांचा हा आखूड भाला उभा राहतो.

६/ परंतु प्राणिहिंसा न करणे हे बौद्धांचे पहिले शील. भिक्षूने मारण्याची विद्या शिकवावी काय? परंपरा सांगते की, उतारवयात इन्एईला हा विरोध असह्य झाला. त्याने आपली शस्त्रे नाकामुरा नाओमासा या शिष्यास देऊन टाकली आणि मठ निःशस्त्र केला.

७/ पुढे इन्एईचा उत्तराधिकारी इन्शुन याने मठात भाल्याचा सराव पुन्हा सुरू केला. मठाबाहेर नाकामुराकडून ही विद्या ताकादा माताबेई शिकला. तो ओगासावारा घराण्याच्या सेवेत होता. अशा रीतीने एकाच विद्येचे दोन प्रवाह झाले : एक मठातला, दुसरा मठाबाहेरचा.

८/ १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासनास्थाने विभक्त करण्याचा आदेश दिला. त्या लाटेत कोफुकुजीचे उपमठ बंद पडले. होझोइनही नष्ट झाला; त्याची जागा आज नारा राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात आहे.

९/ ताकादा शाखा मात्र टिकली. विसाव्या शतकात जपानचे सरन्यायाधीश राहिलेले काझुतो इशिदा हे तिचे प्रमुख होते. १९७६ मध्ये ही विद्या नारा येथे परतली आणि तेथे ती आजही शिकविली जाते.

१०/ इन्एईने शस्त्रे दिली ती हिंसेपासून मुक्त होण्यासाठी. परंतु त्याच त्यागामुळे त्याची विद्या मठाच्या भिंतींबाहेर गेली, आणि भिंती कोसळल्या तेव्हा तीच वाचली.