मोडलेला हात : बांधावा की हलवावा? #थ्रेड

१/ माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. यांतले एखादे मोडले तर आजही पुष्कळदा ते शस्त्रक्रियेवाचूनच जुळते. परंतु हाड जुळणे आणि हात चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद वैद्यकाला पुनःपुन्हा शिकावा लागला. त्या शिकण्याचा हा इतिहास.

२/ प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शस्त्र न लावता उपचार करणे ही फार मोठ्या कालखंडात निवड नव्हती, नाइलाज होता. त्वचा फाटून हाड उघडे पडले की जखम चिघळे, आणि हातच काय, प्राणही जाई. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाच्या जंतुनाशक पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते १८६७ साली. तोवर वैद्याची साधने तीनच : बोटे, फळ्या आणि पट्ट्या.

३/ ही मर्यादा प्राचीन इजिप्तला ठाऊक होती. इ. स. पू. १६०० च्या सुमाराच्या 'एडविन स्मिथ पपायरस'मध्ये ४८ रुग्णांची टिपणे आहेत. दंडाचे हाड मोडले असेल तर ते ताणून जागी आणावे व तागाच्या कापडाने बांधावे, असे त्यात सांगितले आहे. मात्र त्याच मोडीवर जखम होऊन आतून रक्त वाहत असेल, तर निर्णय एकच : हा विकार उपचाराचा नव्हे.

४/ भारतात या विषयाची सर्वांत पद्धतशीर मांडणी सुश्रुतसंहितेत आढळते. तिच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार दिले आहेत. घोड्याच्या कानासारखे वर आलेले हाड तो 'अश्वकर्ण', चुरा झालेले ते 'चूर्णित'. क्ष-किरण नसताना केवळ स्पर्श, आकार आणि आवाज यांवरून केलेले हे वर्गीकरण आहे.

५/ उपचाराचा क्रमही ठरलेला. आधी हाड ताणायचे, मग दाबून जागी बसवायचे, मग स्थिर करून बांधायचे. फळ्यांसाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली आणि बांबू. पट्टी थंडीत ७ दिवसांनी, समशीतोष्ण काळात ५ दिवसांनी, उन्हाळ्यात ३ दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची. तरुणाचे हाड १ महिन्यात स्थिर होते, मध्यमवयीनाचे २, वृद्धाचे ३ महिन्यांत, असा हिशेबही दिला आहे.

६/ आता हाताकडे वळू. मोडलेले बोट सरळ बसवून त्यावर बारीक पट्टी गुंडाळावी आणि तूप शिंपावे, असे संहिता सांगते. तळहाताचे हाड मोडले असेल तर ते समपातळीत आणून बांधावे. आणि यापुढची सूचना सर्वांत लक्षणीय आहे : रुग्णाने त्या हातात आधी मातीचा गोळा धरावा आणि हाताला बळ आल्यावर दगड धरावा.

७/ या दगडात एक मोठा विचार दडलेला आहे. हाताची हाडे जुळतात, पण बराच काळ निश्चल राहिल्यास कंडरा भोवतालच्या भागाला चिकटतात, सांधे आखडतात. ज्याचे पोट कुदळीवर, मागावर किंवा लेखणीवर चालते, त्याला मूठ वळत नसेल तर जुळलेल्या हाडाचा उपयोग काय? हलक्यापासून जडापर्यंत नेणारा हा व्यायाम त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

८/ ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरील अस्थिभंगविषयक ग्रंथाचा आरंभच कोपर ते मनगट या भागाच्या मोडीने होतो. धनुर्धराच्या पवित्र्यात हात ताणून बांधणाऱ्या वैद्याची तिथे चांगलीच हजेरी घेतली आहे. ग्रंथाचे म्हणणे सरळ आहे : हात नैसर्गिक स्थितीत असेल तसाच बांधावा, दिखाऊ पवित्र्यात नव्हे.

९/ १८१४ साली डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या मोडीवर एक छोटा निबंध लिहिला. लोक हाताच्या पंजावर पडत, मनगट वाकडे होई आणि वैद्य त्याला 'सांधा निखळला' म्हणत. कॉलिस यांनी दाखवले की हाड मोडलेले असते. वाकडेपणा जन्मभर राहिला तरी कालांतराने हात वेदनेविना मोकळा हलतो, असा दिलासाही त्यांनी दिला. ही मोड आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१०/ १८५२ साली डच लष्करी शल्यविशारद आन्टोनियस मातेयसन यांनी प्लास्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. पट्टी ओली करायची, गुंडाळायची, की थोड्या वेळात टणक कवच तयार. क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यविशारद पिरोगोव यांनी प्लास्टरचा मोठा वापर केला. पूर्वी जे हातपाय कापावे लागत, त्यांतले कित्येक आता वाचवता येऊ लागले.

११/ पण कवच वाचवते तसे आवळतेही. १८८१ साली जर्मन शल्यविशारद रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी एका भयंकर परिणामाचे वर्णन केले. पट्टी फार घट्ट असेल तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, ते मरतात आणि बोटे कायमची नखांसारखी आत वळतात. सुश्रुतसंहितेचा इशारा हाच होता : सैल बांधले तर हाड स्थिर राहत नाही, घट्ट बांधले तर सूज, वेदना आणि पू.

१२/ याच काळात वाद पेटला. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांचा आग्रह विश्रांतीचा : सक्तीची, अखंड आणि दीर्घ. पॅरिसचे ज्यूस्त ल्यूका-शांपिओनियेर यांचे मत नेमके उलट : हालचाल हेच जीवन, म्हणून मोडलेल्या अवयवाला लवकर मालीश आणि लवकर हालचाल द्यावी. दोघांकडेही बरे झालेले रुग्ण होते.

१३/ १८९५ च्या डिसेंबरात रॉन्टगेन यांनी पत्नीच्या हाताची क्ष-किरण प्रतिमा टिपली. अवघ्या काही आठवड्यांत, ३ फेब्रुवारी १८९६ रोजी, अमेरिकेतील डार्टमथ येथे एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचे चित्र घेतले गेले. हाड जागी बसले की नाही, हे आता डोळ्यांना दिसू लागले.

१४/ वादाचा मेळ घातला व्हिएन्नाच्या लोरेन्झ ब्योलर यांनी. १९२५ पासून त्यांच्या अपघात रुग्णालयात शिस्त अशी : हाड जागी बसवा, मोडलेला भाग निश्चल ठेवा, बाकीचे सर्व सांधे पहिल्या दिवसापासून हलवा. थॉमसही खरे आणि शांपिओनियेरही, फक्त शरीराच्या वेगवेगळ्या भागांपुरते.

१५/ आज बोटाची साधी मोड शेजारच्या निरोगी बोटाला बांधली जाते. शेजारी फळीचे काम करतो आणि हालचालही शिकवतो. तळहाताच्या मोडीत बोटांची मुळे वाकलेली आणि पुढची पेरे सरळ ठेवतात, म्हणजे सांध्यांचे बंध आखडत नाहीत. फिरलेले बोट, उघडी जखम किंवा सांध्यात शिरलेली मोड असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो.

१६/ महाराष्ट्रात तालमीतले वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य आजही हात बसवतात. त्यांच्या बोटांत पिढ्यांचे ज्ञान आहे. पण फोल्कमान यांचा धडा तिथेही लागू आहे. बांधल्यावर बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली, वेदना वाढतच गेली, तर पट्टी तत्काळ सैल करून रुग्णालय गाठावे. तिथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे.

१७/ आणि प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट हातात मऊ चेंडू देतो, तो दाबायला सांगतो, हळूहळू कठीण चेंडू देतो. मातीचा गोळा आणि मग दगड, हा क्रम साधारण दोन हजार वर्षे जुना आहे.