बिनपगारी वाटाड्या

भोंगा झाला नाही म्हणून तुम्हाला जाग येते. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला गजर लागत नाही, गिरणीच्या पहिल्या पाळीचा भोंगा असतो. तो जानेवारीपासून मुका आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वडील भिंतीकडे तोंड करून पडलेत, जागेच. भिंतीवरच्या कालनिर्णयात आजचा चौकोन रविवार, १८ जुलै १९८२. संपाला बरोबर सहा महिने.

तुम्ही आजच्या मुंबईतून इथं आलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडलेत, आणि हा संप रीतसर मागे घेतला जाणारच नाही, हे या खोलीत फक्त तुम्हाला माहीत आहे. पण अंगात वीस वर्षांचं शरीर आहे आणि खाली गल्लीत तिघं मित्र शिट्ट्या मारताहेत. आई वर्तमानपत्रात चपात्या आणि लसणाची चटणी गुंडाळून देते. वडील भिंतीलाच विचारतात, "एवढ्या पावसात कुठं मरायला चाललात?" राजमाचीला, तुम्ही सांगता. चैन म्हणून नव्हे हो. दिवसभर त्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा रेल्वेचं तिकीट स्वस्त पडतं.

दादरला पहाटेची कर्जत लोकल. कल्याणपर्यंत डुलक्या, बदलापूरनंतर खिडकीतून आत येणारा पाऊस, कर्जतला एकेक वडापाव, मग कोंडिवड्यापर्यंत गळकी एसटी. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललीय. इरली पाठीवर घेतलेली माणसं चिखलात वाकलेली. लांबून वाटतं, शेतात मोठमोठी कासवं सोडलीत.

कोंडिवड्यात तो भेटतो. तांबूस रंग, उजवा कान अर्धा फाटलेला, त्या फाटलेल्या कानात वाटाण्याएवढी एक गोचीड. तुम्ही ग्लुको बिस्किटाचा पुडा फोडता, तो एक घेतो आणि पुढे चालायला लागतो. "आला बघ आपल्याबरोबर," तुमच्यातला एक खुशीत म्हणतो. चौघांचाही तसाच समज.

कोंडाण्याच्या लेण्यांपाशी पोचेपर्यंत पाठीवरची युरियाची पिशवी, जिला तुम्ही रेनकोट म्हणत होता, फाटून गेलेली असते. लेण्यांच्या तोंडावर धबधब्याचा पडदा. त्याच्या आत, कड्याखाली, दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेलं चैत्यगृह. दगडात लाकडाच्या घरासारख्या तुळ्या आणि कमानी कोरल्यात. शेजारी एक ओळ कोरलेली आहे: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. कारागिराचं नाव टिकलं की बरं वाटतं. लालबागच्या किती विणकरांनी किती मैल कापड विणलं, कुणाची सही आहे त्यावर? असो. तुमचे दात वाजताहेत आणि कुत्रा तुमच्या मांडीला टेकून अंग झाडतो. जे थोडं कोरडं उरलं होतं तेही संपतं.

खरी चढण इथून पुढे. वाट म्हणजे ओढाच. कॅनव्हासच्या बुटांना सुंभ बांधलाय, पकड यावी म्हणून. अर्ध्या तासात तो सुंभ शेवाळानं माखतो आणि उलटा घसरायला मदत करतो. चष्म्यावर वाफ. बोटांची कातडी भिजवलेल्या मनुक्यासारखी. ओल्या लोकरीचा आणि ओल्या कुत्र्याचा वास एकात एक मिसळलेला. कुणी काही बोलत नाही, कारण तोंड उघडलं की पाऊस आत जातो. हल्ली पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अशा वाटांवर फोन उंचावून उभी राहिलेली गर्दी तुम्ही पाहिली आहे. इथं चार माणसं, एक कुत्रा, आणि दहा पावलांपलीकडे पांढरं.

मग वाट फुटते. दोन्हीकडून सारखंच पाणी उतरतंय. एक जण शपथेवर डावीकडची सांगतो. गेल्या वर्षी आलो होतो, म्हणतो. कुत्रा उजवीकडे चार पावलं जातो, बसतो आणि मागे वळून बघतो. हाक मारली तरी येत नाही. तुम्ही पिशवीत हात घालता, तर बिस्किटांची लापशी झालेली. ती तळहातावर घेऊन पुढे करता. तो उठतो, चाटून पुसून खातो आणि पुन्हा उजवीकडेच जाऊन बसतो. पाच मिनिटं वाद होतो. शेवटी उजवीकडे. डावीकडची वाट कड्यावर संपते, हे नंतर गावात कळतं.

दोन तासांनी आधी धुराचा वास येतो, मग उधेवाडीची घरं. श्रीवर्धन आणि मनरंजन, राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले, ज्यांच्यासाठी एवढं चढून आलात, ते ढगात आहेत; आज दिसणार नाहीत. मुंबई सोडून याच माचीवर परतलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट गो. नी. दांडेकरांनी 'माचीवरला बुधा'मध्ये सांगितलीय, आणि ती वाचूनच तुम्हाला इथं यायचं खूळ लागलंय. कुत्रा एकदम पळत सुटतो, एका पडवीत शिरतो. आतून म्हातारीचा आवाज येतो:

"आलास व्हय मुडद्या? दोन दिस कुटं उलाथला व्हतास?"

तेव्हा तुमच्या डोक्यात प्रकाश पडतो. कुणा चालणाऱ्यांच्या मागे तो परवा खाली उतरला होता, आणि आज आपल्या घरी निघाला होता. तो तुमच्याबरोबर आलाच नव्हता.

म्हातारी चौघांनाही चुलीपाशी बसवते. कपड्यांतून वाफा निघायला लागतात. तांदळाची भाकरी, पिठलं, कांदा. खुंटीवर एक ॲल्युमिनियमचा तीन खणांचा डबा टांगलेला आहे. तसाच तुमच्याही घरी, तसाच रिकामा. तिचा मुलगा परळला साच्यावर होता, शिमग्याला आला तो इथंच राहिला. आत्ता खाचरात लावणीला गेलाय.

"तुमी मुंबैचं न्हवं?" ती विचारते. "मंग गिरन्या कवा चालू व्हनार?"

चुलीसमोर कुत्रा फाटका कान जमिनीला लावून झोपलाय. तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

"अजून काही कळत नाही, आजी," तुम्ही म्हणता.

"व्हतील," ती म्हणते, आणि भाकरी उलटते.