सदरा घालून जन्मलेली माणसं

इटलीत नशीबवान माणसाला म्हणतात, हा सदरा घालून जन्मला. रशियातही सदराच. पोलंडात टोपी. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस, सुताशी माझा रोजचा संबंध. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. आईच्या पोटात कुठली गिरणी आली? पण म्हण उगाच पडत नाही. तिच्या मागं एक खरी गोष्ट असते आणि त्या गोष्टीच्या मागं इतिहास असतो. हा इतिहास आपल्या कामाचा आहे दोस्तांनो, म्हणून लिहितोय.

आधी गोष्ट. पोटात मूल पाण्याच्या पिशवीत असतं. आपल्या बाया तिला पाणमोट म्हणतात. दोन पातळ पापुद्रे, आत पाणी, पाण्यात मूल. कळा वाढल्या की पाणमोट फुटते, पाणी जातं, मग मूल येतं. पण क्वचित कधी ती फुटतच नाही. अख्खी पिशवी जशीच्या तशी बाहेर येते, आत पोर हातपाय मुडपून बसलेलं. ते लगेच गुदमरत नाही, कारण नाळ अजून वारेला जोडलेली असते, प्राणवायू तिच्यातनंच येत असतो. सुईण पापुद्रा फाडते, पाणी सांडतं, पोर रडतं. झालं. दिवस भरायच्या आधी येणाऱ्या बारक्या पोरांत हे जास्त दिसतं. आजकाल काही डॉक्टर अशा नाजूक पोराला ऑपरेशनच्या वेळी दाब बसू नये म्हणून मुद्दाम पिशवी न फोडता बाहेर काढतात. दुसरा प्रकार त्या मानानं साधा. पिशवी फुटते, पण तिचा तुकडा पोराच्या डोक्यातोंडाला चिकटून येतो, टोपीसारखा. सदरा, टोपी, सगळं यातनंच आलं.

एवढंच. यात देव नाही, दैव नाही. पातळ पापुद्रा आहे.

पण माणसानं त्या पापुद्र्याचा बाजार मांडला. रोमच्या बादशहांची जुनी चरित्रं आहेत, त्यात लिहिलंय की सुईणी हा पापुद्रा भोळ्या वकिलांना विकायच्या. जवळ ठेवला की खटला जिंकता येतो म्हणे. इंग्लंडात गिऱ्हाईक होतं खलाशी. पापुद्रा जवळ असला की माणूस बुडत नाही, अशी समजूत. चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ कादंबरी १८४९-५० साली आली. तिच्या सुरुवातीलाच नायकाच्या जन्माचा पापुद्रा पंधरा गिन्नीला विकायची जाहिरात पेपरात दिलेली आहे. कादंबरीतली गोष्ट झाली, पण अशा जाहिराती खऱ्या पेपरांतही छापून येत होत्या.

हसू नका. जहाज मालकाचं आणि बुडायचं खलाशानं. मग खलाशानं काय करायचं? गळ्यात पापुद्रा बांधायचा. आमच्या खात्यातसुद्धा मशीनवर लिंबू-मिरची लोंबते. पट्ट्यावर जाळी बसवायला पैसे लागतात, लिंबाला मालकाचे पैसे लागत नाहीत. अंधश्रद्धा डोक्यात असते हे खरं, पण ती तिथं कोण राहू देतो तेही बघितलं पाहिजे.

आता मुद्द्यावर येतो. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा मुलूख आहे. तिथं सोळाव्या-सतराव्या शतकात एक समजूत होती. पापुद्रा घेऊन जन्मलेलं पोर म्हणजे बेनांदांती. अर्थ असा की चांगल्या वाटेनं जाणारा. वर्षातनं चार वेळा, ठरलेल्या उपासाच्या दिवसांत, रात्री यांचा आत्मा अंग सोडून बाहेर जायचा, अंग इकडं मेल्यासारखं पडून. शेतात जाऊन हे चेटक्यांशी लढायचे. यांच्या हातात बडीशेपेची झुडपं, चेटक्यांच्या हातात ज्वारीची ताटं. हे जिंकले तर पीक येणार, हरले तर दुष्काळ. बोलावणं विसाव्या वर्षी यायचं, चाळिशीला सुटका व्हायची. म्हणजे आपल्याच वयाची पोरं. आणि लढाई कशाची, तर भाकरीची.

१५७५ साली ही गोष्ट एका पाद्र्याच्या कानावर गेली आणि त्यानं ती धर्मकोर्टात नेली. पाओलो गास्पारुत्तो नावाचा खेड्यातला माणूस आणि चिविदाले गावचा दवंडीवाला बात्तिस्ता मोदुको, या दोघांवर खटला झाला. १५८० साली जबान्या झाल्या. मोदुकोनं सरळ सांगितलं, आम्ही देवाच्या बाजूनं लढतो, चेटके सैतानाच्या बाजूनं. आपण काही गुन्हा केला असं त्याला वाटतच नव्हतं. का वाटावं? गास्पारुत्तोच्या आईनं तो पापुद्रा पोराबरोबरच बाप्तिस्म्याला नेला होता. त्याच्यावर पाद्र्यांकडनं मिस्सा म्हणवून घेतल्या होत्या. मोदुकोनंही आपला पापुद्रा मंत्रवून घेतला होता आणि गळ्यात घातला होता. म्हणजे बघा, पापुद्र्यावर प्रार्थना म्हणणारा पाद्रीच आणि पापुद्र्यासाठी कोर्टात उभा करणाराही पाद्रीच.

गास्पारुत्तो बोलता बोलता म्हणाला, मला देवदूत दिसला. झालं, न्यायाधीशानं तो शब्द धरला. देवदूत कसा होता? काय म्हणाला? त्याच्या पाया पडलास का? फिरवून फिरवून तेच. शेवटी त्या माणसानं कबूल केलं की तो देवदूत सैतानच असावा. १५८१ साली दोघांना सहा महिन्यांची कैद झाली, ती लगेच माफही झाली. शिक्षा हलकीच म्हणायची. पण खरी शिक्षा पुढं आहे. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत एकामागून एक बेनांदांती कोर्टापुढं आले, आणि हळूहळू स्वतःच सांगायला लागले की होय, आम्ही चेटके आहोत, आम्ही सैतानाच्या मेळाव्याला जातो. न्यायाधीशाच्या डोक्यात जे होतं ते त्यांच्या तोंडात आलं. चेटक्यांशी लढणारेच चेटके ठरले, आणि ते त्यांनी आपल्या तोंडानं मान्य केलं.

कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकारानं उदिने गावच्या धर्मपीठाच्या दप्तरातनं हे खटले शोधले आणि १९६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानं नसतं शोधलं तर ही माणसं गेलीच होती. त्या शेतकऱ्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळ नाही. जे आहे ते सगळं आरोपीच्या जबानीत, आणि लिहिणारा कारकून कोर्टाचा.

आता आपल्याकडं या. आपल्याकडं पापुद्र्याचं एवढं नसेल, पण पायाळू आहे. पायाकडनं जन्मलेलं पोर. त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीतलं धन दिसतं, त्याच्या लाथेनं उसण जाते. माझ्या आजीचा भाऊ पायाळू होता. आजी सांगायची, पाटलाच्या कमरेत उसण भरली की वस्तीवर बोलावणं यायचं. पोरगं वाड्याच्या बाहेर उभं राहायचं, पाटील पाठ करून बसायचा, पोरगं लाथ मारायचं. त्याचा पाय चालायचा. त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं.

आजी स्वतः सुईण होती. महाराष्ट्रात कुठं हे काम न्हाव्याच्या बाईकडं होतं, पण कितीतरी गावांत ते महारा-मांगांच्या बायांकडंच होतं. पोर अडलं की मध्यरात्री हाक. पहिला हात तिचा. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची. मग तीच विटाळाची. घरातल्यांचं सोयर दहा-बारा दिवसांत फिटायचं, तिचं जन्मभर फिटत नव्हतं. उंबऱ्याच्या आतल्या प्रत्येक पोराला आधी जिनं शिवलं तीच अस्पृश्य! हे कोडं मला अजून कुठल्या पंडितानं सोडवून दाखवलेलं नाही.

त्यांच्या पुरुषसूक्तात एक बाळंतपण आहे. तोंडातनं ब्राह्मण, बाहूतनं क्षत्रिय, मांडीतनं वैश्य, पायातनं शूद्र. ना पाणमोट, ना नाळ, ना वार, ना सुईण. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ लिहिताना सुरुवातीलाच या सूक्ताला हात घातला, तो उगाच नाही. जन्माची खूण बघून माणसाची किंमत ठरवायची, ही सगळी एकाच कुळातली गोष्ट. फ्रिउलीचा पापुद्रा, आपला पायाळू, आणि जात. म्हणून मी म्हणतो, जन्माची वाईट खूण नाकारायची आणि चांगली खूण ठेवून घ्यायची, असं आपल्याला चालणार नाही. सदरा घालून कोणी जन्मत नाही. सदरा कोणीतरी कापूस वेचून, सूत काढून, विणून, शिवून दिलेला असतो.

बाबासाहेब बाळंतपणाकडं खुणा शोधत गेले नाहीत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बाईला बाळंतपणाची मदत देणारं बिल आलं तेव्हा ते तिच्या बाजूनं उभे राहिले. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. पोर डोक्याकडनं आलं का पायाकडनं, टोपी घालून का उघडं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आईला रजा किती, खायला काय, हा प्रश्न होता.

एक काम सांगतो आणि थांबतो. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात गेली. चांगलंच झालं, आया-पोरं वाचली पाहिजेत. पण जुन्या सुईणी आता थोड्या राहिल्यात, आणि त्यांच्याबरोबर एक सगळा इतिहास चाललाय. पाणमोट न फुटता आलेलं पोर त्यांनी कसं सोडवलं, कुणाच्या वाड्यात मागच्या दारानं गेल्या, मजुरी म्हणून काय मिळालं, कुणी पाणी वरनं ओतलं, हे त्यांनाच ठाऊक. आपल्या वस्तीतल्या म्हातारीजवळ वही घेऊन बसा. ती जसं बोलते तसं लिहा. तिनं देवी म्हटलं तर देवी लिहा, भूत म्हटलं तर भूत लिहा. आपला शब्द तिच्या तोंडात घालू नका, तसलं काम धर्मकोर्टानं करून झालंय. तुमचं मत खाली वेगळं लिहा. फ्रिउलीच्या माणसांची जबानी आरोपी म्हणून लिहिली गेली. आपल्या आज्यांची साक्षीदार म्हणून लिहू या.