दंतरोपण : मागील दाढांचे

गेलेल्या दाढांच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दाढ चढवण्याचा उपचार. स्क्रूला व्यवहारात ‘इम्प्लांट’ आणि वरच्या दाढेला ‘कॅप’ म्हणतात. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर रोपण केले.

ओळीने दोन-तीन दाढा गेल्या आणि मागे आधाराला एकही उरली नाही, तर दातांवर टेकणारा नेहमीचा ब्रिज बसत नाही. काढता-घालता येणारी कवळी किंवा रोपण, एवढेच मुख्य मार्ग राहतात.

पर्याय : (१) प्रत्येक दाढेला स्वतंत्र रोपण. दाढांमधून फ्लॉस फिरतो, एक बिघडली तरी शेजारची शाबूत राहते. मात्र दोन स्क्रूंमध्ये सुमारे ३ मिमी. अंतर लागते आणि खर्च सर्वाधिक येतो. (२) रोपणावरील ब्रिज. तीन दाढांना दोन टोकांचे दोन स्क्रू पुरतात. मधल्या दाढेखाली अन्न अडकते. तिथे रोज बारीक ब्रश फिरवावा लागतो. असा ब्रिज शेजारच्या नैसर्गिक दाताला सहसा जोडत नाहीत, कारण दात चावताना किंचित हलतो, रोपण हलत नाही. (३) आखूड रोपण. खालच्या जबड्यातील नसेपासून सुमारे २ मिमी. दूर राहायचे असते. हाडाची उंची कमी असेल तेव्हा हे सोयीचे. (४) सायनस लिफ्ट. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. तिचा पडदा उचलून खाली हाडाची भर घालतात. हाड खूपच कमी असेल तर स्क्रू बसवण्यापूर्वी काही महिने थांबावे लागते. (५) रोपणाच्या आधाराची कवळी. एक-दोन स्क्रूंवर ती बटणासारखी अडकते. खर्च कमी, पण धुण्यासाठी ती रोज काढावी लागते.

जबलपूर : मध्य प्रदेशातील या शहरात हितकारिणी दंत महाविद्यालय आहे. येथे रोपण ठरवताना गुटख्याची सवयही विचारात घ्यावी लागते. गुटखा-सुपारीने होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये गाल ताठरतात व तोंड पुरते उघडत नाही. मागच्या दाढेपाशी ड्रिल उभे धरायला जागाच मिळत नाही. अशा रुग्णाला कधी उपदाढेपर्यंतच (दाढांच्या लगेच पुढचा दात) थांबावे लागते. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

निवड : सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) स्कॅनवर हाडाची उंची-रुंदी मोजल्याशिवाय पर्याय ठरवू नये. अनियंत्रित मधुमेह, तंबाखू आणि झोपेत दात खाण्याची सवय यांमुळे अपयशाचा धोका वाढतो. हाड भरपूर असेल आणि खर्च झेपत असेल तर स्वतंत्र रोपणे, एरवी दोन स्क्रूंवरील ब्रिज हा बहुतेकांना पुरेसा पर्याय. दुसऱ्या क्रमांकाची दाढ एकटीच गेली असेल आणि चावण्याची अडचण नसेल, तर ती न बसवणेही ग्राह्य असते. अक्कलदाढेच्या जागी रोपण सहसा करत नाहीत.